मायच्या गुंडावरची ओळ

जिल्हा फुटला आणि मी कादंबरी लिहायला घेतली. दोन्हींचा संबंध सरळ आहे. गोंदिया वेगळा झाला तेव्हा आमच्या ऑफिसातली निम्मी कपाटं ट्रकात चढली. तिकडचे तालुके गेले, त्यांच्या फायली गेल्या, त्यांच्यावर सह्या करणारे साहेबही गेले. मी भंडाऱ्यातच राहिले, त्याच खुर्चीवर, त्याच कुरकुरणाऱ्या पंख्याखाली, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर मला काही कामच उरलं नाही. बाकीच्या बायका स्वेटर विणायच्या, वाटाणे सोलायच्या. मला विणता येत नाही, आणि सरकारी टेबलावर वाटाणे सोलायला माझी लाज आड येते. म्हणून मी लिहायला लागले.

विषय डोक्यात पक्का होता. आमच्या वस्तीतल्या बायका. माझं माहेर कोंढ्याच्या पुढे, फाट्यावर उतरून आत चालत जावं लागतं असं एक खेडं. दीक्षेनंतर आमची सगळी वस्ती बौद्ध झाली. पुरुष मंडळी शिकली, काही नोकरीला लागली, आणि त्यांच्याबद्दल बोलणारे, लिहिणारे, भाषण ठोकणारे पुष्कळ निघाले. बायका मात्र भात लावत राहिल्या आणि पाणी भरत राहिल्या. त्यांच्याबद्दल लिहायचं ठरवून मी चाळीसेक पानं लिहिली आणि एका रविवारी सलग वाचून काढली. वाचता वाचता मला शिसारी आली. पानापानावर संध्याकाळ होत होती. माझ्या बायका तळ्याकाठी उभं राहून क्षितिजाकडे बघत होत्या. आमच्या वस्तीत अशी क्षितिजाकडे बघत उभी राहिलेली बाई मी जन्मात पाहिली नाही. तेवढा वेळ उभी राहिली असती तर सासूने झाडू फेकून मारला असता.

नागपूरला एक ज्येष्ठ साहित्यिक होते. कुणाच्या तरी ओळखीने मी त्यांना पानं दाखवली. त्यांनी ती चाळली, म्हणजे खरोखरच पिठासारखी चाळली, आणि म्हणाले, "जुनं वाचा. जुन्या लेखनातून प्रेरणा घ्या. आणि तुमच्या समाजाची वेदना वर येऊ द्या." वेदना म्हणजे काय दुधावरची साय आहे, वर येऊ द्यायला? पण मी मान डोलावली, त्यांच्या घरचा चिवडा खाल्ला आणि परत आले. येताना बसमध्ये स्वतःचाच राग आला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यासमोर मी शेळीसारखी मान का हलवली, ते मला आजही कळत नाही.

तरी सांगितलं तसं केलं. वाचनालयातून जुनी पुस्तकं आणली. बांधणी सुटलेली, कडा पिवळ्या, मधेमधे कुणीतरी पेन्सिलीने 'वा!' लिहिलेलं. त्यांतल्या बायका खिडकीत बसून वाट बघायच्या, खोकायच्या, मरायच्या. जेवणं तर सगळ्यांची व्हायची, पण एकाही पानावर कुणी भांडी घासत नव्हतं. कुणीतरी घासतच असणार की! ती घासणारी मला कुठेच सापडेना. पाच-सहा पुस्तकं मी अशीच चिडून परत केली.

आणि मग जुनं लेखन मला मिळालं ते भांड्यांच्या दुकानात. भंडाऱ्याचं नाव पितळेवर मोठं झालेलं. आता घरोघरी स्टील आलंय, पण मिरवायला पितळ लागतं. मी कुकरची रिंग घ्यायला गेले होते. दुकानाच्या एका कोपऱ्यात मोडीचा ढीग पडलेला. मोड म्हणजे लोकांनी वजनावर विकलेली जुनी भांडी. वर एक परात उलटी पडली होती आणि तिच्या कडेला छिन्नीने ठोकलेली अक्षरं होती. देणाऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव लाखनी, आणि 'यांजकडून सप्रेम भेट'. मी ती बाजूला केली तर खाली लोटा. लोट्यावर फक्त 'मागून नेल्यास परत करावा'. मी मोठ्याने हसले. रिंग विसरून मी तिथेच स्टुलावर बसले आणि ढीग वाचायला लागले.

दुकानदार जुन्या घराण्यातला. कितीतरी पिढ्या भंडाऱ्यातल्या, आधी मागावर आणि मग व्यापारात. पहिल्या दिवशी मोठ्या अदबीने बोलला.

"बसा ना मॅडम. कोन्त्या ऑफिसात हाव तुमी?"

मी सांगितलं.

"अच्छा, अच्छा. अन आडनाव काय म्हनले?"

मी काही म्हणालेच नव्हते. पण सांगितलं. "अच्छा," तो म्हणाला, या वेळी एकदाच. थोड्या वेळाने चहा आला. त्याला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला कपबशीत, मला प्लास्टिकच्या पेल्यात. पितळ, तांबं, काशाची हजार भांडी रचलेल्या त्या दुकानात माझ्या तोंडाला लावायला एक भांडं नव्हतं. मी तो पेला त्याच्या गल्ल्याशेजारी तसाच ठेवला. रागाने अंग तापलं होतं. तरी दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा गेले, आणि मग जातच राहिले, कारण तो ढीग वाचल्याशिवाय मला राहवेना. चहाला मात्र दर वेळी 'नको' म्हटलं.

त्या ढिगातून माझी कादंबरी सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही. पुस्तकांत नव्हतं ते सगळं भांड्यांवर होतं. माणसं किती फुशारकी मारतात! एका ताटावर देणाऱ्याने स्वतःच्या नावाखाली 'माजी सरपंच' ठोकून घेतलं होतं. एक घंगाळ बापाच्या स्मरणार्थ दिलेलं, त्यावर मेलेल्या बापाचं नाव बोटभर आणि आठवण काढणाऱ्या मुलाचं वीतभर. नाव मोठं आणि भांडं हलकं. एका गावच्या पंगतीचे मोठाले गंज आले होते, प्रत्येकावर जातीचं नाव. आपल्या गंजात दुसऱ्या कुणाचा भात शिजू नये म्हणून. पितळेला काय कळतं कुणाचा भात ते!

आणखी एक गोष्ट तिथे कळली. दुकानाच्या मागे एक शेड होतं, तिथे बफिंगचं मशीन चाले. लोक घरची जुनी भांडी आणून द्यायचे, मशीनवर ती घासून नवीन केली जायची, जुनी नावं निघून जायची, आणि वर दुसरं नाव ठोकून तेच भांडं पुतणीच्या लग्नात आंदण म्हणून द्यायचं. आजीचा डबा नातू 'नवीन' म्हणून देणार, खाली स्वतःचं नाव. दुकानदार अभिमानाने सांगायचा, "कोनाले समजूनच नाई राहत मॅडम. एकदम नवा!" काही भांड्यांवर काम अर्धवट झालेलं असायचं आणि नव्या नावाच्या खाली जुनं नाव अंधुक दिसायचं. ती वाचायला मला फार आवडायची आणि घाणही वाटायची. मी घरी येऊन लिहायचे. माझ्या बायका आता क्षितिजाकडे बघेनाशा झाल्या. त्या भांडायला लागल्या, हिशेब विचारायला लागल्या, शिव्या द्यायला लागल्या.

पण त्या सबंध ढिगात बाईने दिलेलं एकही भांडं नव्हतं. बाईचं नाव सापडलं तर 'हिस' लावून. अमक्या हिस, तमक्या हिस. जिला दिलं ती. जन्मभर जिने घासलं, भरलं, उचललं, तिने स्वतः काही म्हटल्याचं एकाही भांड्यावर नव्हतं. आणि एका दुपारी ढीग उपसता उपसता मला एकदम आठवलं की असं एक भांडं आहे. ते आमच्याच घरी आहे.

आमच्याकडे पाण्याच्या पितळी घागरीला गुंड म्हणतात. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी दचकू नये. मायच्या लग्नात आलेला एक गुंड होता, पोट मोठं, गळा आखूड, काठाला एक पोचा. त्याच्या गळ्यावर माझ्या वडिलांचं नाव ठोकलेलं. अडचण अशी की आमच्या वस्तीत वडिलांच्या नावाचे तिघेजण होते आणि तिघांच्याही घरी गुंड. वस्तीत लग्न निघालं की घरोघरची भांडी गोळा व्हायची आणि लग्न आटोपलं की भांडी परत नेताना बायकांची जुंपायची. दर लग्नानंतर मायचा गुंड कुणाच्या तरी घरात जायचा आणि माय तो भांडून परत आणायची.

मग गावात साक्षरतेचे वर्ग आले. विहारात बायका पाट्या घेऊन बसायच्या. मायही जायला लागली. वडील म्हणायचे, "आता कलेक्टर होतेस का?" ती पाटी उचलून निघायची. नाव लिहायला शिकली, मग थोडं पुढचं शिकली, आणि एका दिवशी कुणाला न सांगता तिने खिळा घेतला आणि गुंडाच्या पोटावर अक्षरं खरवडली. वर तिचं नाव, नुसतं, ना नवऱ्याचं ना आडनाव. त्याखाली: 'हा गुंड माहा होय.' अक्षरं वाकडी, एक लहान एक मोठं, ओळ घसरत खाली गेलेली. तिच्या आयुष्यात तिने स्वतःहून लिहिलेलं तेवढंच. बाकी जे लिहिलं ते वर्गातल्या पाटीवर, आणि ते पुसलं गेलं.

वडील चिडले होते. "माहं नाव असतानी तुहं कायले पाहिजे?"

माय म्हणाली, "तुमी भरता का पानी?"

मी तेव्हा माहेरी आलेली होते, हे सगळं माझ्यासमोर झालं, आणि मी हसून सोडून दिलं. जिल्हा फुटल्याच्या पुढच्या वर्षी माय गेली. वडील तिच्या आधीच गेले होते. गुंड भावाच्या घरी राहिला.

त्या दुपारी आठवलं आणि पुढच्याच सुट्टीला मी गावी गेले. गुंड पाण्याच्या ओट्यावर होता, भरलेला, वर झाकण. मी खाली बसून ओळीवरून बोट फिरवलं. खिळा जिथे घसरला होता तिथे ते बोटाला कळत होतं. भाऊ शाळेत शिपाई, माझ्याहून लहान, जिवाचा चांगला, पण त्याला कुठलीही वस्तू चकाकल्याशिवाय चांगली वाटत नाही. त्याला मी सांगितलं, "मी पुस्तक लिहून राहिली, त्याची पहिली ओळ ही आहे. हा गुंड मला दे."

तो खूश झाला. म्हणाला, "घेऊन जा ना, ताई."

भावजय आतून म्हणाली, "आमी पानी कायच्यात भरू?"

"मी स्टीलचा नवीन घेऊन देते."

"नाई."

नुसतं नाही. कारण नाही, काही नाही. पोरं बघत होती, भाऊ जमिनीकडे बघत होता. मला त्या बाईचा इतका वीट आला की मी तिच्या हातचं जेवलेसुद्धा नाही, डोकं दुखतं म्हणून सांगितलं. एवढ्याशा पितळेसाठी जीव अडकलेला. मायची भांडी मुलाकडेच राहतात, मुलीने मागू नये, हे मला ठाऊक होतं. पण तिला काय कळणार त्या ओळीचं, असंच मनात घेऊन मी परतीची बस पकडली.

गुंड मिळाला नाही, पण ओळ मिळाली. पहिल्या पानावर मी तीच लिहिली आणि कादंबरी मोकळी झाली. दिवसच्या दिवस मी लिहीत होते. ऑफिसात, घरी, गॅसवर कुकर लावून. एक प्रकरण मी नागपूरच्या एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीला पाठवलं. मायचं प्रकरण, साक्षरतेचा वर्ग, खिळा, ओळ. ते छापून आलं. वर मथळ्याच्या जागी त्यांनी तीच ओळ मोठ्या टायपात टाकली होती आणि खाली माझं नाव.

तो पेपर गावात गेला. भावाचा ऑफिसच्या फोनवर फोन आला. "ताई, तुहा लेख गावभर वाचून राहिले! पंच कमिटीनं ठरोलं, जयंतीले तुहा सत्कार करनार हाओत."

मला सत्कारांची किळस आहे. मी ऑफिसात इतके बघितले. तीच शाल, कुठल्या तरी कपाटातून आलेली, डांबराच्या गोळीचा वास मारणारी. तोच माईक, तेच हॅलो हॅलो. सत्कारमूर्तीला कधीच न वाचलेल्या माणसाने केलेली तिची स्तुती. मी नाही म्हणून बघितलं. पण माहेरचं निमंत्रण, वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांनी निरोप पाठवलेला, आणि खरं सांगायचं तर आतून थोडं सुखही वाटलं होतं. ज्या वस्तीबद्दल लिहिलं त्या वस्तीने बोलावलं, याहून मोठं काय असतं? मी पांढरी साडी नेसून गेले.

मांडव विहारासमोर होता. निळे झेंडे, पताका, एका कोपऱ्यात भात आणि भाजीचे गंज चुलीवर. प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि आल्याबरोबर त्यांनी जातिअंतापासून पाटबंधाऱ्यापर्यंत सगळं बोलून घेतलं. त्यांनी माझा उल्लेख 'आपल्या कवयित्री' असा केला. मी आयुष्यात कविता लिहिलेली नाही. ऊन चढत होतं. मग सूत्रसंचालक म्हणाला, "आता आपल्या भगिनीला, त्यांच्या लेखनाला शोभेल अशी एक खास भेट!" आणि माझा भाऊ पांढऱ्या शर्टात, केसांना तेल लावून, लाल कापड टाकलेलं काहीतरी दोन्ही हातांनी उचलून स्टेजवर आला. तो इतका आनंदात होता की त्याला पायरी दिसली नाही आणि तो थोडा अडखळला.

कापड काढलं. आत गुंड होता. इतका चकाकणारा की डोळ्यांवर तिरीप आली. आधी वाटलं, नवीन घेतला, बिचाऱ्यांनी उगाच खर्च केला. मग काठावरचा पोचा दिसला.

मी गुंड फिरवला. पोटावर, जिथे बोट फिरवलं होतं तिथे, मशीनने कोरलेली मोठी, सरळ, ठळक अक्षरं होती. माझं नाव, आडनावासकट. त्याखाली 'कादंबरीकार'. त्याखाली शुद्ध मराठीत, दोन्ही बाजूंना फुलं काढून: 'हा गुंड माझा आहे.' आणि अगदी खाली पंच कमिटी आणि माझा भाऊ यांजकडून सप्रेम भेट.

गळ्यावरचं वडिलांचं नावही गेलं होतं. मायचं काहीच नव्हतं. मी तिरकं करून बघितलं, उन्हात धरून बघितलं. ढिगातल्या भांड्यांवर जुनी नावं अंधुक दिसायची ना, तसं काही दिसतं का म्हणून शोधलं. खिळ्याने खरवडलेलं ते, छिन्नीने ठोकलेलं नव्हे. मशीनच्या पहिल्याच फेऱ्यात गेलं असणार.

माईक माझ्यासमोरच होता. मी त्यात म्हणाले, "हे कोणी केलं?"

लोकांना वाटलं मी भारावले. टाळ्या झाल्या. भावाने हात वर केला. टाळ्या आणखी वाढल्या, मागे कुणीतरी शिट्टी मारली, आणि माझ्या घशाशी खरोखरची ओकारी आली. मी तोंडाला पदर लावला. त्यावरही टाळ्या झाल्या, कारण आता मी रडते आहे असं त्यांना वाटलं. मी रडत नव्हते. मला त्या चकाकणाऱ्या पितळेची, त्या फुलांची, त्या मांडवातल्या प्रत्येक हसऱ्या चेहऱ्याची घाण वाटत होती, आणि ती माझीच माणसं होती.

जेवणं झाल्यावर घरी आले आणि भावाला कोपऱ्यात घेतलं. आवाज चढला असेल.

"मायचं अक्षर होतं ते! तुला मी सांगितलं नव्हतं? पेपरात वाचलं नाहीस?"

तो गोंधळून गेला. त्याला खरंच कळेना मी का ओरडते आहे. "वाचलं ना, ताई! म्हनून तं केलं. ते लाइन पेपरात छापून आली ना आता. पक्की झाली ना ते. मंग गुंडावर ओरखडे कायले ठेवाचे? भंडाऱ्याच्या दुकानवाल्यानं स्पेशल बफिंग केली. तो म्हने, मॅडमले ओळखतो मी, मॅडम माह्याच दुकानात येऊन बसते."

गाढवपणा म्हणावा तर त्यात त्याचं प्रेम होतं. आणि त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. ओळ छापली कुणी? मीच. तिच्याखाली नाव कुणाचं होतं? माझंच. त्याने पेपरात जे बघितलं तेच गुंडावर करून आणलं होतं, फक्त पितळेत.

मी ओट्याजवळ गेले. गुंडाच्या जागी एक प्लास्टिकची बादली होती. भावजय तिथे उष्टी ताटं घासत होती. सत्काराला ती आली नव्हती. मान वर न करता म्हणाली, "मी तेच्यावर कधी चिंच नाई लावली."

"काय?"

"बाकीचा गुंड चिंचेनं घासत होती. तेवढी जागा कोरड्या फडक्यानं पुसत होती. मायनं सांगतलं होतं मले, घासू नोको, अक्षरं जातीन. माय गेली तरी मी ते जागा घासली नाई."

मी म्हणाले, "मग मला तेव्हा का नाही दिलास?"

"तुमी शोकेसमंदी ठेवला असता." तिने ताट उपडं केलं. "तेच्यात पानी भराचं असते."

"आणि याला नेऊ का दिलास?"

"मी म्हटलं ना, नोका नेऊ म्हनून. तं मले म्हनते, तुले काय समजते, पेपरात आलं ते." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल काय होतं ते मला नीट ओळखता आलं, कारण तीच गोष्ट मी तिच्याबद्दल मनात धरून फिरत होते. तिला माझा वीट आला होता.

मी म्हणाले, "वयनी, गुंड इथेच राहू दे. तू पाणी भर त्यात."

"नाई जी," ती म्हणाली. "आता तुमचं नाव हाय तेच्यावर. मी कोनाचं नाव डोक्यावर घेऊन कायले फिरू? घेऊन जा तुमी."

भावाने गुंड फाट्यापर्यंत डोक्यावर आणून दिला. वाटेत दोन-चार जणांनी थांबवून बघितला, अक्षरं वाचली, छान झालं म्हणाले. तो खुलला होता पुन्हा. माझं ओरडणं तो विसरून गेला होता, किंवा शिकलेल्या बाईचा स्वभाव म्हणून त्याने सोडून दिलं होतं. पवनीहून आलेली बस भरलेली होती. मला मागे जागा मिळाली, गुंड मधल्या वाटेत ठेवावा लागला.

भंडाऱ्याला माझ्या घरी टेबलावर कादंबरीचा गठ्ठा होता. टाइप करून आणलेला, प्रकाशकाकडे पाठवायचा. मला तो बसमध्ये बसल्या बसल्या दिसत होता. सगळ्यात वरच्या पानावर मधोमध माझं नाव आणि त्याखाली 'कादंबरी'. त्याच्या खालच्या पानावर ती ओळ. मायचं नाव मी बदललं होतं, कादंबरीत बदलतात तसं. अड्याळ येईपर्यंत मी मनातल्या मनात ती ओळ काढून बघितली, पुन्हा ठेवून बघितली. काढली तर पुस्तक उभं राहत नव्हतं. ठेवली तर ते पान आणि हे पितळ यांत मला काही फरक करता येईना. मला माझ्या प्रत्येक पानाची शिसारी आली.

अड्याळला गर्दी चढली. एका बाईची साडी गुंडाच्या काठाला अडकली, तिने शिवी दिली. एका म्हाताऱ्याने त्याच्यावर हात टेकला. कंडक्टर तिकिटं फाडत मागे आला आणि गुंडाला त्याचा पाय लागला. तो वाकला, वाटेतून सरकवायला बघू लागला, सरकेना. वैतागून त्याने मान वर केली आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं विचारलं, "अरे, कोनाचा होय हा गुंड?"

जो तो एकमेकांकडे बघायला लागला.

"कोनाचा होय म्हनतो! उतरून देऊ का खाली?"

मी हात वर केला. "माझा," मी म्हणाले.